गॅस जातो कुठे?

सलग दुसऱ्या उन्हाळ्यात टेलरबाईंच्या एसीने दगा दिला, आणि तोही कधी, तर पांढऱ्या सॅटिनचा लग्नाचा झगा अर्धा शिवून मशीनवर असताना. आधी त्यांना वाटलं, आपल्यालाच उकडतंय. वय झालं की अंगात भट्टी पेटते, असं त्यांच्या हाताखाली काज-बटणं करणारी काजवाली नेहमी म्हणायची, आणि काजवाली त्यांच्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी पुढेच होती, तेव्हा तिला माहीत असणार. मग कपाळावरचा घाम ओघळत नाकाच्या शेंड्यावर आला. टेलरबाईंनी मान झटकन मागे घेतली, थेंब सॅटिनऐवजी फरशीवर पडला, आणि त्यांनी वर बघितलं. एसी चालू होता. त्याच्या पट्ट्या इमानाने वरखाली होत होत्या. वारा मात्र कोणीतरी तोंडावर फुंकर मारावी तसा कोमट.

पांढऱ्या सॅटिनवर घामाचा थेंब पडला की संपलं. तो वाळतो, पण जात नाही. कडेने पिवळसर रेघ ठेवून बसतो. लोकांच्या घरी एसी झोपेसाठी असतो. टेलरबाईंच्या घरी तो कामासाठी होता, कात्रीसारखा आणि इस्त्रीसारखा.

घर त्यांचं स्वतःचं होतं. हे त्या आपणहून कोणाला सांगत नसत, पण सांगायची संधी आली तर सोडतही नसत. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि रस्त्याच्या बाजूला गॅलरी. लग्न केलं नव्हतं. बरीच वर्षं थोरल्या भावाच्या घरी काढली, पुढे भाड्याच्या खोल्यांत, आणि शेवटी सुईच्या टोकावर हे घर उभं केलं. भाड्याच्या घरात नळ गळला की मालकाला सांगायचं आणि वाट बघत बसायचं. इथे आल्यावर पहिल्याच वर्षी बेसिनखालचा पाईप फुटला, तेव्हा घोटाभर पाण्यात उभ्या राहून टेलरबाई चक्क हसल्या होत्या. फुटला तर फुटला, आपला पाईप आहे.

दादाला हे हसणं कधी कळलं नाही. दादा म्हणजे तोच थोरला भाऊ. माणूस मनाने सोन्यासारखा, पण पन्नाशी उलटलेल्या बहिणीला तो अजून ‘बेबी’ म्हणायचा, आणि त्याच्या मते बेबीला जगातली दोन कामं जमत नव्हती. एक म्हणजे रस्ता ओलांडणं, आणि दुसरं म्हणजे यंत्र दुरुस्त करणाऱ्या माणसाशी बोलणं. जी बाई रोज आठ-दहा तास यंत्रापुढे बसते तिच्याबद्दल असं म्हणणं म्हणजे कमालच होती. पण दादाचं म्हणणं दादाजवळ.

टेलरबाईंनी गेल्या वर्षीच्याच माणसाला फोन केला. गेल्या वर्षी त्याने गॅस संपलाय म्हणून सांगितलं होतं, गॅस भरून दिला होता, आणि त्याचे जे पैसे घेतले होते त्यात एका साध्या झग्याची शिलाई निघाली असती. तो गॅसवाला या वेळीही लगेच आला. स्टुलावर चढला, हात वाऱ्यासमोर धरला आणि उतरता उतरताच म्हणाला, “गॅस संपला, बाई. भरावा लागेल.”

“गेल्या वर्षी भरलाय ना तुम्ही?”

“तो संपला.”

“संपला म्हणजे गेला कुठे?”

गॅसवाल्याने त्यांच्याकडे जरा दयेने बघितलं. एसी म्हटलं की गॅस जाणारच, गाडीला पेट्रोल लागतं तसंच आहे हे, असं त्याने समजावून सांगितलं. टेलरबाईंनी मान डोलावली. पेट्रोलचं पटण्यासारखं होतं. पण नेमका त्याच वेळी स्वयंपाकघरातला फ्रिज घरघर करून सुरू झाला. हा फ्रिज त्यांनी भाड्याच्या पहिल्या खोलीत असताना घेतला होता. त्याचं दार दोनदा बदललं होतं, रंग उडाला होता, एका बाजूने तो थोडा कलला होता. पण थंड करायचं त्याने कधी सोडलं नव्हतं.

“फ्रिजमध्येसुद्धा असाच गॅस असतो ना?” त्यांनी विचारलं.

“असतो की.”

“मग माझ्या फ्रिजमध्ये आजवर कोणीच पेट्रोल भरलं नाही.”

गॅसवाल्याने फ्रिजकडे बघितलं, मग एसीकडे बघितलं, आणि फ्रिजचं वेगळं असतं म्हणाला. टेलरबाईंनी त्याच्या हातावर येण्या-जाण्याचे पैसे ठेवले, पाणी विचारलं, आणि गॅस आत्ता भरायचा नाही म्हणून सांगितलं. तो गेल्यावर काजवाली तोंडाला पदर लावून हसत सुटली. टेलरबाई हसल्या नाहीत, पण पुढची टीप त्यांनी जरा ताठ बसून मारली.

ताठ बसून एसी थंड होत नाही, हेही खरंच. संध्याकाळी दादा आला, आल्या आल्या त्याने शर्टची वरची दोन बटणं उघडली, आणि सगळं ऐकून निकाल दिला, की हे जुनं लचांड आता काढून टाक आणि नवीन घे. त्याच्या ओळखीचं एक दुकान होतं. तिथे जुना द्या, नवा घ्या अशी योजना चालू होती. जुना म्हणजे चौथं वर्ष चालू असलेला, हे टेलरबाईंनी त्याच्या कानावर घातलं. दादा म्हणाला, आजकालच्या वस्तूंना चार वर्षं म्हणजे म्हातारपण.

दुसऱ्या दिवशी दुकानातला माणूस आला. चकाचक बूट, गळ्यात ओळखपत्र, अंगाला अत्तराचा वास. त्याने एसीचं झाकण उघडलं नाही. गॅलरीत जाऊन बाहेरच्या युनिटवर कान ठेवल्यासारखं केलं आणि आत येऊन सांगितलं, की कॉइल गेली आहे, कॉम्प्रेसरही दमला आहे, आणि हे दोन्ही बदलायचं तर नव्या एसीच्या पाऊण किंमत इथेच जाईल. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. त्यापेक्षा नवा घ्या, जुन्याचे आम्ही इतके धरू. ‘इतके’ ऐकून दादाचे डोळे चमकले. टेलरबाईंच्या मनात आलं, जो इतका गेलेला आहे त्याचे हे इतके का देतायत?

तो गेल्यावर दादाने खिशातून चष्मा काढला, म्हणजे आता तो हिशेबाचं बोलणार. नव्या एसीचे अर्धे पैसे मी घालतो, तू फक्त हो म्हण, असं तो म्हणाला. प्रेमानेच म्हणाला. पण टेलरबाईंना ते टोचलं. स्वतःच्या घरात स्वतःच्या पैशांचा एसी लावला त्या दिवशी त्या खुर्ची टाकून नुसत्या त्याच्याखाली बसून राहिल्या होत्या. त्या वाऱ्यात दुसऱ्या कोणाचा वाटा नव्हता.

“बेबी, हट्ट करू नकोस,” दादा म्हणाला.

“हट्ट नाही दादा. काय बिघडलंय ते मला आधी बघू दे. नीट बघितल्याशिवाय मी कापडालासुद्धा कात्री लावत नाही.”

दादा चष्मा खिशात ठेवून गेला. रागावला नव्हता, पण जिन्यात त्याच्या चपला जरा जास्त वाजल्या.

मग टेलरबाईंनी फोन लावायला सुरुवात केली. मशीनच्या सुट्या भागांच्या दुकानदाराकडून, इस्त्रीच्या दुकानातून, खालच्या औषधवाल्याकडून, जिथून मिळेल तिथून त्यांनी एसी दुरुस्त करणाऱ्यांचे नंबर घेतले. पहिल्याने न बघताच गॅसचा भाव सांगितला. दुसऱ्याने विचारलं, घरात कोणी पुरुषमाणूस आहे का. टेलरबाई म्हणाल्या, एक भाऊ आहे, पण त्याला शिवता येत नाही. आणि फोन ठेवून दिला. तिसरा म्हणाला, येण्याचा एक पैसाही नाही, सगळं फुकट बघून देतो. येण्याचे पैसे न घेणारा माणूस ते पुढे कशातून वसूल करतो, हे कळण्याइतकी वर्षं त्यांनी धंद्यात काढली होती.

चौथ्याचा आवाज फोनमध्ये मावत नव्हता. मागे कुठेतरी हातोडा चालू होता आणि त्याच्या वरताण तो बोलत होता.

“गळती शोधायला वेळ लागतो, बाई. त्या वेळेचे पैसे मी घेतो. सापडली नाही तरी घेतो. सापडली तर दुरुस्तीचे वेगळे, आणि ती करायची का नाही ते तुम्ही ठरवायचं. चालत असेल तर येतो, नाहीतर राम राम.”

“आजवर सापडली नाही असं किती वेळा झालंय?”

“झालेलं नाही. पण सांगून ठेवलेलं बरं.”

हे बोलणं टेलरबाईंना ओळखीचं वाटलं. त्यांच्याकडेही बायका जुने कपडे घेऊन यायच्या आणि दारातच विचारायच्या, हे सैल करायला किती घ्याल. टेलरबाई म्हणायच्या, आत कापड किती सोडलंय ते उसवल्याशिवाय कळणार नाही, आणि उसवायचेही पैसे पडतील. निम्म्या बायका उठून जायच्या. ज्या बसायच्या त्या पुढे वर्षानुवर्षं येत राहायच्या. त्यांनी त्या माणसाला सकाळी यायला सांगितलं.

तो आला तोच खांद्यावर उंच लोखंडी सिलिंडर घेऊन, जिन्यातली सगळी दारं उघडतील असा आवाज करत. काजवालीने त्याचं नाव तिथल्या तिथे ‘सिलिंडरवाला’ ठेवलं. माणूस किडकिडीत, पण बोलणं पैलवानाचं. या भागातल्या निम्म्या एसींना मी नावाने ओळखतो, असं त्याने येतानाच जाहीर केलं. मग त्याने आतल्या युनिटचं झाकण उघडलं, फिल्टर बाहेर ओढला आणि तो सगळ्यांसमोर धरला.

“ही रजई कोणाची?”

फिल्टरच्या जाळीवर करड्या रंगाचा जाड थर बसला होता. त्यात गुलाबी तंतू होते, निळे होते, जरीचा एक धागासुद्धा चमकत होता. वर्षभर या खोलीत जे जे कापलं, उसवलं, झटकलं, त्याचं सगळं तूस एसीने ओढून स्वतःच्या नाकात भरून घेतलं होतं. सिलिंडरवाल्याने तो थर बोटांनी सोलून काढला, तर चांगला हातभर निघाला.

टेलरबाईंचा चेहरा उतरला. आपल्या शिलाई मशीनला त्या रोज संध्याकाळी ब्रश फिरवत, तेल घालत, वर स्वच्छ फडकं टाकत. आणि डोक्यावरच्या यंत्राकडे वर्षभर मान वर करून बघितलं नव्हतं. हा माझा दोष, असं त्या सरळ म्हणाल्या. सिलिंडरवाला म्हणाला, दोष आहेच, पण याला पैसे पडत नाहीत. दर पंधरा दिवसांनी नळाखाली धरायचा, झालं. त्यांनी जाळी त्याच क्षणी बाथरूममध्ये नेली आणि स्वतः घासली.

फिल्टर धुऊन वारा वाढला, पण गार झाला नाही. मग सिलिंडरवाला गॅलरीत गेला. बाहेरच्या युनिटला जिथे तांब्याचा पाईप जोडलेला असतो तिथे त्याने बोट फिरवलं आणि टेलरबाईंना हाक मारली. जोडाखाली एक काळपट, चिकट डाग होता. गॅसबरोबर थोडं तेल फिरत असतं, तो म्हणाला; गॅस जिथून पळतो तिथे तेल आपली खूण सोडतं. डागांची भाषा टेलरबाईंना कळत होती. त्याने सिलिंडरमधली हवा पाईपमध्ये दाबाने सोडली, जोडावर साबणाचा फेस लावला, आणि दोघं वाकून बघत राहिले. फेसातून एक फुगा हळूच वर आला, फुटला, आणि त्याच्या जागी दुसरा आला.

“इथून गेला तुमचा गॅस. बसवणाऱ्याने जोड नीट आवळलाच नव्हता,” सिलिंडरवाला म्हणाला.

टेलरबाई त्या फुग्याकडे बघतच राहिल्या. सगळे जण ज्याला संपणं म्हणत होते ते हे होतं. राईएवढं भोक.

त्याने पाईपचं टोक कापून नवा जोड केला. काजवालीने लगेच हात झटकले, म्हणाली, झालं एकदाचं. पण सिलिंडरवाल्याने पुन्हा हवा भरली, दाब दाखवणाऱ्या काट्याच्या घड्याळावर खडूने रेघ मारली आणि सगळ्यांना जेवून घ्यायला सांगितलं. जेवण झाल्यावर तो परत आला, तर काटा रेघेच्या केसभर खाली उतरला होता. त्याने डोकं खाजवलं. सकाळपासून पहिल्यांदाच त्याचा आवाज साध्या माणसासारखा झाला.

“अजून एक आहे, बाई. मी आत्ता गॅस भरून गेलो असतो ना, तर तुमचा हा उन्हाळा निघाला असता. पण पुढच्या वर्षी तुम्ही मला फोनवर विचारलं असतं, गॅस गेला कुठे.”

दुसरी गळती आत होती, कॉइलच्या एका वळणावर, जिथे नळी पत्र्याला घासत होती. फेसात तिचा फुगा इतका बारीक होता की टेलरबाईंनी सुईत दोरा ओवायचं भिंग आणलं तेव्हा कुठे दिसला. सिलिंडरवाला स्टुलावर बसला आणि त्याने तीन रस्ते सांगितले. भोकावर धातू वितळवून डाख मारायचा, हे सगळ्यात स्वस्त. पण नळी पातळ आहे, दोन वर्षं टिकेल किंवा दोन महिने. नवी कॉइल घालायची. तिला नव्या एसीच्या तिसऱ्या हिश्शाएवढे पैसे पडतील, मजुरी आणि गॅस धरून. किंवा नवा एसी. दहा वर्षांचं यंत्र असतं तर मीच नवा घ्या म्हटलं असतं, तो म्हणाला. पण हे चौथ्या वर्षात आहे, आणि कॉम्प्रेसर मी तपासलाय, तो ठणठणीत आहे.

“तुमच्या घरचा असता तर?” टेलरबाईंनी विचारलं.

“मी डाख मारला असता. पण माझ्या घरी बिघडला तर मी घरातच आहे. तुमच्या घरी मी नाही.”

टेलरबाईंनी मनात शिलाईच्या मापाने हिशेब मांडला. कॉइल म्हणजे दोन भारी झगे आणि वर एका झग्याचं अस्तर. डाख म्हणजे, गॅस सोडून, एक चेन बसवणं आणि दोन काठ दुमडणं. पण डाख ऐन लग्नसराईत उसवला तर? पांढरं सॅटिन मशीनवर असताना उसवला तर? कच्च्या दोऱ्यावर गिऱ्हाइकाला कपडा त्यांनी कधी दिला नव्हता. त्यांनी विचारलं, कॉइलची हमी किती? वर्षभर, तो म्हणाला. लिहून द्याल? बिलावर लिहून देतो. आणि जुनी कॉइल काढल्यावर मला दाखवायची. सिलिंडरवाला हसला. म्हणाला, दाखवतो काय, तुमच्या भिंतीवर टांगून देतो.

दादाला फोनवर हे कळलं, तेव्हा तो उसळलाच. मग माझा दुकानवाला काय वेगळं सांगत होता, कॉइल गेली असं म्हणालाच होता ना तो! टेलरबाईंना हे लागलं, कारण ते खरं होतं.

“त्याने सांगितलं, दादा. याने दाखवलं,” मग त्या म्हणाल्या. “त्याने कॉम्प्रेसरही गेला म्हटलं होतं, आणि तो गेलेला नाही. आणि नवा एसी त्याने त्याच जुन्या पाईपवर बसवला असता. तोही गळला असता.”

पलीकडे दादा नुसता हं म्हणाला. दादाच्या ‘हं’मध्ये पुष्कळ गोष्टी असायच्या, पण या ‘हं’मध्ये तो विचार करतोय असं वाटत होतं.

कॉइल यायला चार-पाच दिवस लागणार होते, आणि झगा आठवड्याअखेर द्यायचा होता. टेलरबाई पहाटेच्या गारव्यात शिवायला बसायच्या आणि ऊन चढलं की सॅटिन चादरीत गुंडाळून ठेवायच्या. मग दुपारभर काजवाली गडद रंगाचे कपडे करायची. तिसऱ्या दिवशी पहाटे दार वाजलं. दादा उभा होता, हातात टेबलफॅन. झोप येत नव्हती म्हणून आलो, असं तो म्हणाला. इतक्या लवकर उठायची दादाची सवय नव्हती हे दोघांनाही माहीत होतं.

फॅन जमिनीवर लावला, तर झग्याचा घोळ उडायला लागला. तेव्हा टेलरबाईंनी दादाला साबणाने हात धुवायला लावले, एकदा नाही, दोनदा. आणि झग्याची लांब शेपूट त्याच्या दोन्ही हातांवर ठेवून त्याला स्टुलावर बसवलं. हलायचं नाही, खाजवायचं नाही, शिंक आली तर तोंड भिंतीकडे. दादा पुतळ्यासारखा बसला. समोर बहीण काठाला हाताने बारीक टाके घालत होती, टाका वरून दिसणार नाही असा, कापडाचा एकच धागा सुईवर उचलत. तो काठ संपता संपत नव्हता. दादाने तिला मशीनवर बसलेलं हजार वेळा बघितलं होतं, पण येता-जाता, चहा पिता-पिता. एक कपडा कसा उभा राहतो हे शेजारी बसून त्याने कधी बघितलं नव्हतं. उजाडल्यावर तो म्हणाला, “बेबी, याची शिलाई किती घेतेस तू?” तिने सांगितलं. दादा बराच वेळ हातावरच्या सॅटिनकडे बघत राहिला आणि म्हणाला, “कमी घेतेस.”

कॉइल आली. सिलिंडरवाल्याने जुनी काढून खिडकीच्या उजेडात धरली, भोक दाखवलं, नवी बसवली. पुन्हा हवा भरली, पुन्हा रेघ मारली, पुन्हा सगळ्यांना जेवायला बसवलं. काटा हलला नाही. मग त्याने एक छोटा पंप लावून नळ्यांमधली हवा काढली आणि गॅसची बाटली वजनकाट्यावर ठेवली. गॅस अंदाजाने भरतात असंच टेलरबाईंनी आजवर बघितलं होतं. हा मात्र यंत्राच्या पाठीवर लिहिलेलं वजन वाचून तेवढाच मोजून घालत होता. मापाने काम करणारा माणूस दिसला की त्यांना बरं वाटायचं. थोड्याच वेळात काजवालीने उठून अंगावर शाल घेतली, आणि यापेक्षा मोठी पावती त्या खोलीत कोणी कोणाला देऊ शकलं नसतं.

बिल त्यांनी ओळीओळीने वाचलं. एका ओळीशी थांबून विचारलं, हा पाईप कसला? सिलिंडरवाल्याने कापलेलं टोक दाखवलं. त्यांनी मान हलवली आणि पैसे मोजून दिले. घासाघीस केली नाही. स्वतःच्या शिलाईवर कोणी घासाघीस केली की त्यांना कसं होतं हे त्या विसरल्या नव्हत्या. जाताना सिलिंडरवाला जिन्यातून ओरडून म्हणाला, की इतके प्रश्न विचारणारं गिऱ्हाईक त्याला आजवर भेटलं नव्हतं. ती तक्रार होती का कौतुक, ते त्याच्या आवाजावरून कळायला मार्ग नव्हता. टेलरबाईंनी ते कौतुकात जमा केलं.

झगा वेळेवर गेला. पांढरा शुभ्र, कुठे ठिपकासुद्धा नाही.

त्यानंतर इमारतीत बातमी कशी पसरली कोण जाणे. काजवालीचं तोंड आणि जिना, दोन्ही मोकळे होते. वरच्या मजल्यावरची सून एक दिवस ब्लाउजचं माप द्यायला आली आणि जाता जाता म्हणाली, आमच्याकडेही एक जण गॅस संपलाय म्हणतोय. समोरच्या आजोबांना कोणीतरी एसीचा सर्किट बोर्ड बदलायला सांगितला होता. टेलरबाई प्रत्येकाला तेच सांगायच्या. आधी फिल्टर धुवा. गॅस गेला म्हणाला तर कुठून गेला ते दाखवायला सांगा. काम सुरू करण्याआधी आकडा घ्या, काढलेला भाग बघायला मागा, हमी कागदावर घ्या. आणि शोधायचे पैसे मागितले तर तोंड वाकडं करू नका, तोही माणूस वेळ घालतो. आजोबांचा बोर्ड खरंच गेला होता. त्यांनी तो बदलला आणि तरीही येऊन आभार मानून गेले, कारण या वेळी का बदलला ते त्यांना कळलं होतं.

उन्हाळा सरत आला होता. टेलरबाई एका कोटाचं अस्तर कापत असताना दादाचा फोन आला. आवाज दबलेला. त्याच्या घरचा एसी बंद पडला होता, माणूस आला होता, आणि कॉम्प्रेसर गेला म्हणत होता.

“तू म्हणालास का काही?”

“मी काय म्हणणार? म्हटलं, थांबा.” मग दादा घसा खाकरून म्हणाला, “जरा बोल ना त्यांच्याशी.”

फोन त्या माणसाच्या हातात गेला. टेलरबाईंनी नमस्कार केला, आणि शांतपणे विचारलं, की यंत्राला किती वर्षं झाली, कॉम्प्रेसर गेला हे कशावरून समजलं, आणि तो सुरूच होत नाही का सुरू होऊन बंद पडतो. तो माणूस आधी घाईत होता. मग त्याने सांगायला सुरुवात केली. आणखी एक छोटा भाग असतो, तो गेला तरी असंच होतं, तो आपण अजून तपासलेला नाही, असं तो स्वतःच म्हणाला. मग तो आधी तपासा, टेलरबाई म्हणाल्या, आणि तपासल्याचे पैसे दादा देईल.

फोन परत देताना त्या माणसाने हात थोडा लांब धरला असावा, कारण त्याचं पुढचं बोलणं टेलरबाईंना स्पष्ट ऐकू आलं. बाई एसीच्या लाइनमध्ये आहेत का, असं तो विचारत होता.

“नाही हो,” दादा म्हणाला. त्याच्या आवाजात मघाचा दबलेपणा राहिला नव्हता. “शिवणकाम करते. माझी बहीण आहे. स्वतःचं घर आहे तिचं, स्वतःच्या कमाईचं. तिचं बघूनच मी तुम्हाला थांबवलं.”

दादा आणखीही काही सांगत होता, बहुतेक त्या पांढऱ्या झग्याबद्दल. टेलरबाईंनी फोन कानाला तसाच धरून ठेवला आणि दुसऱ्या हाताने अस्तराची घडी सरळ केली. काजवालीने खुणेने विचारलं, काय म्हणतोय?

“काही नाही,” टेलरबाई म्हणाल्या. “भाऊ आहे. बोलतोय.”